अगं आई, तो मळ नव्हता!

आठ महिने घातली हो मी ती जीन्स. कोऱ्या, कारखान्यात न धुतलेल्या डेनिमची, म्हणजे अंगावर झिजत झिजत तिच्यावर आपली नक्षी उमटते. गेल्या ऑगस्टमध्ये घेतली तेव्हा पुठ्ठ्यासारखी कडक होती, खाली बसायचं तर गुडघा वाकायचा नाही. पहिले पंधरा दिवस बाइकवर टांग टाकताना मांड्या सोलवटल्या. रंग सुटून बुटांचे पांढरे बंद निळे, बाइकची सीट निळी, मित्राचा क्रीम रंगाचा सोफा निळा. त्याच्या बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण एप्रिलपर्यंत काय उमटलं होतं त्या कापडावर! मांडीवर चुण्या पडतात तिथे मांजराच्या मिशांसारख्या फिकट रेघा. गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी. उजव्या खिशावर फोनची चौकट, मागे पाकिटाची.

आणि मग आई आली. सांगलीहून, आठ दिवसांसाठी.

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर दाराआडच्या खुंटीला जीन्स नाही.

"धुतली की! उचलली तर हात निळा झाला माझा. कसली ती घाण."

चादरींबरोबर धुतली. मशीन 'हेवी'वर, गरम पाणी, दोन चमचे पावडर. त्याआधी डागांचा साबण लावून प्लास्टिकच्या ब्रशने मांड्या खसाखसा घासलेल्या. का, तर तिच्या मते फिका भाग म्हणजे निघालेला मळ आणि गडद भाग म्हणजे राहिलेला मळ. तिने राहिलेला काढला!

अहो, राहिलेला तो मळ नव्हता, ती नीळ होती. डेनिमचा उभा धागा तेवढा निळा असतो, आडवा पांढरा. तो उभा धागाही आरपार रंगत नाही. निळीच्या द्रावणात बुडवायचा, वर काढायचा, हवा लागली की हिरवट-पिवळा धागा निळा होतो, मग परत बुडवायचा. एवढं करूनही गाभा पांढराच राहतो. म्हणून तर जिथे घासेल तिथे आतलं पांढरं दिसायला लागतं. आठ महिने ते माझ्या बसण्या-उठण्याने घासलं जात होतं, त्या दिवशी मशीनने घासलं. जाड कापड ओलं झालं की पिळा पडून ताठ होतं आणि त्या पिळ्याच्या कडा ड्रमवर घासत राहतात. आता माझ्या जीन्सवर कमरेपासून पोटरीपर्यंत उभ्या पांढऱ्या रेघा आहेत, कोणीतरी खडूने ओढल्यासारख्या. मिशा गेल्या, पोळं गेलं, फोनची चौकट डोळे बारीक केले तर दिसते.

वाळवली कुठे विचारा. गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात, सुलटी, तारेवर मधोमध दुमडून, बारा ते पाच. पापड वाळतात तशी वाळली. दोन्ही गुडघ्यांवर तारेची आडवी रेघ फुकट मिळाली आणि कंबर अशी आवळली की बटण लावताना श्वास धरावा लागतो.

यावर कळस ऐका. बाबांच्या दोन बनियनी तिने त्याच पाण्यात टाकल्या होत्या, त्या आकाशी झाल्या. म्हणून ओरडा कोणाला बसला? मला! "असले रंग जाणारे कपडे घेतोसच कशाला? आणि रंगच गेला ना, मग दे इकडे, चार थेंब नीळ घालून देते." पांढऱ्या कपड्यांची नीळ. जीन्सला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

सहानुभूती म्हणाल तर शून्य. "जुनी तर झाली होती." "आता कशी स्वच्छ दिसतेय!" काका म्हणाले, हे अमेरिकन खूळ. काका, जीन्ससारख्या जाड पँटला इंग्रजीत डंगरी म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलाय, तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून. आणि हेच लोक मॉलमधून मांड्या पांढऱ्या केलेली जीन्स चार हजाराला आणतात. ती कशी पांढरी होते माहितीये? सॅंडपेपरने घासून, पोटॅशियम परमॅंगनेट फवारून. पूर्वी वाळूचा झोतही मारायचे. त्या धुळीने कामगारांची फुप्फुसं गेली, म्हणून तुर्कस्तानने २००९ साली ते बंद केलं. ती फॅशन, आणि मी फुकटात स्वतः झिजवतो ते खूळ.

न धुणाऱ्या महाराजांवरही माझा राग आहे. एका बड्या जीन्स कंपनीच्या प्रमुखाने २०१४ साली जाहीर सांगितलं की मी माझी जीन्स वर्षभर धुतलेली नाही. झालं, भक्त सुटले. अरे, इथे एप्रिलमध्ये सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं तर पाठीवरून ओघळ येतात. घामाने आणि धुळीने धागा कुजतो, मग जांघेत फाटते. म्हणे फ्रीजरमध्ये ठेवा, जंतू मरतात. मरत नाहीत, गारठून पडून राहतात. मी तेही केलंय, मटारच्या पिशवीशेजारी. त्याबद्दल आई अजून नातेवाइकांना सांगते.

मी धुतो हो! जानेवारीत धुतली होती. उलटी करून, बटणं लावून, बादलीत गार पाणी, लोकरीच्या कपड्यांचा पातळ साबण एक झाकण, अर्धा तास बुडवून ठेवायची. घासायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही. दोन पाण्यांतून काढून कमरेला धरून सावलीत टांगायची, खाली बादली ठेवायची, कारण रात्रभर निळं पाणी ठिबकतं. दोन दिवस लागतात वाळायला, पावसाळ्यात चार, तेही पंखा लावून, नाहीतर कुबट वास येतो. एवढं सगळं मी गप गुमान करतो. मला फक्त विचारायचं होतं. एक फोन!

परवा दुसरी घेतली. पगाराचा मोठा तुकडा गेला. कपाटात आतल्या बाजूला, सूटच्या कव्हरमध्ये ठेवलीय. कालच आईचा फोन आला, गणपतीनंतर येतेय म्हणून. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि ते नवीन मशीनमधलं तासभराचं बटण असतं ना, त्याने जास्त चांगलं निघतं म्हणे."