आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल

परवा मी एका अनोळखी माणसाची कृतज्ञता माझ्या आईवडिलांना नेऊन दिली. ती माझ्या स्वतःच्या कृतज्ञतेपेक्षा सरस निघाली, आणि त्याचा राग अजून ताजा आहे. फुलांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

कारण तसं किरकोळ. मी बाहेरगावी असताना माझ्या बंद घरातला पाइप फुटला आणि आईवडील तीन दिवस तिथे प्लंबरची वाट बघत बसले. आभार मानावेत असं मनापासून वाटलं. पण आमच्या घरात 'थँक यू' म्हणायची सोय नाही. एकदा म्हणून पाहिलं होतं, तर वडिलांनी घाबरून विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" म्हणून म्हटलं, फुलं न्यावीत. आपल्याला बोलावं लागत नाही.

दुकानातला मुलगा कॉम्प्युटरपुढे बसला होता. "निमित्त?"

"काही नाही. सहज."

"सहज नाहीये यात." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, लवकर बरे व्हा, अभिनंदन, श्रद्धांजली. 'आभार' होतं, पण कंसात 'कार्यालयीन' लिहिलेलं. निमित्त भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही म्हणाला. मी कार्यालयीनवर बोट ठेवलं आणि मशीनमधून सोनेरी किनारीचं कार्ड बाहेर आलं : 'आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.' चूक म्हणता येत नव्हतं. त्या दोघांनी एकमेकांना मोलाचं सहकार्य केलं नसतं तर मी त्या रांगेत उभाच नसतो.

तेवढ्यात माझ्या काखेखालून एक भलामोठा पुष्पगुच्छ काउंटरवर आला. त्याच्या मागे एक आजीबाई होत्या.

"हे परत घ्या."

"आजी, फुलं परत घेत नाही आम्ही."

"का? वापरलेली नाहीत. काल दुपारी आली, तेव्हापासून नुसती ठेवलीयेत."

मुलाने ओशाळून माझ्याकडे पाहिलं. मी कार्डाच्या सोनेरी किनारीकडे पाहिलं. पण आजीबाईंना श्रोते कमी पडू देण्याची सवय नसावी. त्यांनी रांगेतल्या चौघांना उद्देशून खटला मांडला. मुलगा परदेशी. वर्षातून चार वेळा फुलं धाडतो. फुलदाणी एकच, तिचाही कान तुटलेला. मागच्या खेपेला लिली होत्या, त्यांचा पिवळाजर्द पराग टेबलक्लॉथवर सांडला, ओल्या फडक्यानं पुसला तर डाग कायमचा बसला.

"ओलं फडकं लावायचं नसतं," दुकानातला मुलगा म्हणाला. "चिकटपट्टीनं अलगद उचलायचा."

"मग हे लिहून का पाठवत नाही? 'आय लव्ह यू' तेवढं लिहून पाठवता!"

यावर दुकानात कोणाकडेच उत्तर नव्हतं. आजीबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोणासाठी घेताय?"

"आईवडिलांसाठी."

"आजारी आहेत?"

"नाही."

"तुम्ही परदेशी निघालात?"

"नाही हो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घर नावावर करून घ्यायचंय?"

मागच्या गृहस्थांनी चालू फोन कानापासून खाली घेतला. मी घाईघाईने पाइप, प्लंबर, तीन दिवस असं सगळं सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की यात माझी बाजू काही फार उजळ होत नाहीये. आजीबाईंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण इथून पुढे त्या मला 'तू' म्हणू लागल्या.

"त्यांच्याकडे शेवटचा कधी गेला होतास?"

"फोन करतो की."

"माझाही करतो."

हे जरा लागलं. परक्या बाईला हा प्रश्न विचारायचा काय अधिकार? माझं घर आईवडिलांच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, कामं असतात, आणि मी फुलं घ्यायला आलो होतो, जबाब द्यायला नाही. पण रांगेत भांडणारा माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे, म्हणून मी माझं नेहमीचं हत्यार काढलं : माहिती. समोरचा भावनेवर आला की मी इतिहासावर येतो.

म्हटलं, मी कार्नेशन घेतोय, त्याला अर्थ आहे. १९०८ साली अमेरिकेत ग्राफ्टन नावाच्या गावी अॅना जार्विस या बाईंनी आपल्या गेलेल्या आईच्या स्मरणार्थ चर्चमध्ये ५०० पांढरी कार्नेशन पाठवली. तिथून मातृदिन सुरू झाला, १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तो जाहीरही केला. त्या म्हणत, हे फूल पाकळ्या गाळत नाही, मरतानाही छातीशी घट्ट धरून ठेवतं. आईसारखं.

"गाळत नाही? म्हणजे झाडायला नको," आजीबाई म्हणाल्या. प्रथमच त्यांना माझ्या बोलण्यात काही अर्थ दिसला.

मी चढलो. कोरियात ८ मे हा आईवडील दोघांचा दिवस, १९७३ पासून. त्या दिवशी मुलं त्यांच्या छातीवर कार्नेशन टाचतात. ("कपड्याला भोक पडत असेल.") ऑस्ट्रेलियात आईला शेवंती देतात आणि तीच शेवंती फ्रान्स-इटलीत थडग्यावर वाहतात, तेव्हा पत्ता बघून फूल निवडावं. हेही मी सांगितलं. इथे थांबायला हवं होतं. पण ज्ञानाला लगाम नसतो. मी पुढे सांगितलं, की याच जार्विसबाई नंतर फुलवाल्यांवर आणि कार्ड छापणाऱ्यांवर इतक्या भडकल्या, की उरलेलं आयुष्य त्यांनी आपणच सुरू केलेल्या दिवसाच्या बाजाराविरुद्ध भांडण्यात घालवलं. १९२५ मध्ये कार्नेशनच्या विक्रीवरूनच गोंधळ घातला म्हणून त्यांना पोलिसांनी धरलं होतं.

"शहाणी बाई!" आजीबाईंनी काउंटरवर थाप मारली. "ऐकलंस का रे? पोलीस आले होते!"

मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या दुकानाला काडी लावली होती. आणि आजीबाईंच्या डोळ्यांत एक व्यावहारिक चमक आली.

"तुला आईवडिलांनाच द्यायचीयेत ना? मग ही ने. हीसुद्धा आईसाठीच घेतलेली आहेत."

मी म्हटलं, नको हो, तुमच्या मुलाने प्रेमाने... तर म्हणाल्या, प्रेम पोचलं, ते फोनवरच सांगितलंय त्याला. आता वस्तू राहिलीय. शिवाय फुकट नको असेल तर मला ते शेवंतीचं रोप घेऊन दे, कुंडीतलं जगतं तरी. मागचे गृहस्थ म्हणाले, "घ्या ना, तुमचंही काम होईल, आमचाही नंबर लागेल." दुकानातला मुलगा तर तोवर माझी कार्नेशन पुन्हा बादलीत ठेवून कुंडीचं बिल करून मोकळा झाला होता. निमित्त : आभार, कार्यालयीन. सोनेरी किनारीचं कार्ड कुंडीला लागलं. आजीबाईंनी ते वाचलं, पर्समध्ये जपून ठेवलं आणि "बघ, असं सरळ लिहावं" असं म्हणून निघून गेल्या.

थोडक्यात, मी नव्या फुलांचे पैसे मोजले आणि जुनी फुलं घेऊन बाहेर पडलो. 'फूल ना फुलाची पाकळी' असं आपण नम्रपणे म्हणतो. माझ्या बाबतीत तेवढाही नम्रपणा उरला नव्हता, कारण फूल दुसऱ्याचं होतं.

घरी वडिलांनी गुच्छ हातात घेऊन वजन केलं. "कितीला पडला?" मी किंमत सांगितली. म्हणजे कुंडीची सांगितली. "एवढा मोठा आणि एवढ्यातच?" त्यांना माझ्याबद्दल प्रथमच आदर वाटला. मग मी दुकानातल्या मुलाने दिलेल्या सूचना सांगितल्या. देठ रोज थोडे तिरके कापायचे, पाणी बदलायचं, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची, फुलदाणी उन्हात ठेवायची नाही, पिकलेल्या फळांजवळ तर अजिबात नाही, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर माना टाकतात.

आई शांतपणे ऐकत होती. "म्हणजे हेही आमच्याकडेच," ती म्हणाली.

काय बोलणार? पाइपला निदान प्लंबर होता.

पण खरा घोळ पुढे. गुच्छात आत खोचलेलं कार्ड काढायला मी विसरलो होतो. आईने ते काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. 'आई, तू होतीस म्हणून मी इथवर पोचलो. तुझा बाळ.' बस. नाव नाही, सोनेरी किनार नाही. आईने दोनदा वाचलं. वडिलांनी हात पुढे केला, तर त्यांना दिलं नाही.

"हे तू लिहिलंस?"

आता सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण आईचा चेहरा असा काही झाला होता, की खरं बोलणं हा निव्वळ आडमुठेपणा ठरला असता. मी हो म्हणालो. त्या परदेशातल्या बाळाने अॅपवर बोटं फिरवत अर्ध्या मिनिटात लिहिलेल्या ओळीचं श्रेय मी खिशात घातलं, आणि वर त्याच्यावरच चिडलो, की एवढं लिहिता येतं तर तिकीट का काढता येत नाही याला? वीस मिनिटांवर राहणाऱ्या माणसाने हे म्हणू नये, तेही मान्य.

काल आईचा फोन आला. दोन लिली उमलल्या, वडिलांच्या सदऱ्यावर पिवळा डाग पडला आणि तो त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला. चिकटपट्टीचं मी सांगायचं विसरलो होतो. मी माफी मागितली. ती म्हणाली, असू दे. मग जरा थांबली.

"ते कार्ड कपाटात ठेवलंय मी. फक्त एक कळेना. तू इथवर पोचलो म्हणतोस, ते इथवर म्हणजे कुठवर रे?"