फवारणीचा पंप कपाशीलाच राहू द्या

आठवडाभर आमच्या गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'गॅरेजवाल्याला पैसे कशाला? घरच्या सामानात ब्रेकची हवा काढा.' सोबत व्हिडिओ. सामान म्हणजे पकड, सलाईनची नळी आणि पाठीवरचा फवारणी पंप. पंपात तेल भरायचं, त्याचा पाइप ब्रेक ऑइलच्या टाकीवर बसवायचा, दांडा हाणायचा. एकटा माणूस चारही चाकं उरकतो म्हणे. वर फुकटचा सल्ला असा की ब्रेक ऑइल नसेल तर स्टीअरिंगचं तेल चालतं, शेवटी दोन्ही तेलंच.

मी सोडूनही दिलं असतं. पण रविवारी परतवाड्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, ब्रेक सुटूनच नाही राह्यला. चाकं तापून राह्यले. उद्या चिखलदऱ्याले जायचं हाय."

गेलो. बोनेट उघडून टाकीचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आत काळा रबरी पडदा असतो. तो रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टरारून बाहेर लोंबत होता. बोटानं आत ढकलला तरी बसेना. त्या व्हिडिओप्रमाणे भाच्यानं भावल्या पंपानं स्टीअरिंगचं तेल भरलं होतं. "पण पंप सर्फानं दोनदा धुतला न मामा!"

धुतला, छान केलं. पण मुळात ब्रेक ऑइल हे तेल नाहीच. आपण सगळे त्याला ऑइल म्हणतो, तिथंच घोळ आहे. वाटीभर पाण्यात त्याचे चार थेंब टाका, विरघळून जातील. स्टीअरिंगचं तेल टाका, तवंग येईल. ब्रेकमधलं रबर त्या विरघळणाऱ्या द्रवासाठी केलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते फुगतं. झाकणाचा पडदा दिसला म्हणून कळलं, आत मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर द्रव चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, वायसरचं तेच झालं होतं. वायसर फुगला की द्रव टाकीत परत जायचं बारीक छिद्र झाकलं जातं. पाय काढला तरी दाब उतरत नाही, ब्रेक धरूनच राहतो. यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. बहुतेक गाड्यांच्या त्या झाकणावरच छापलेलं असतं की फक्त डॉट ३ किंवा डॉट ४ (हे ब्रेक ऑइलचे प्रकार), तेही सीलबंद डब्यातलंच. झाकण उघडताना व्हिडिओवाल्यानं ते वाचलं नसेल का?

आता समजा पंपात खरं ब्रेक ऑइल भरलं, तरीही पंप नकोच. फवारणीची ईसी औषधं (पाण्यात टाकली की दुधाळ होणारी) पेट्रोलियमच्या द्रावकात बनवलेली असतात, म्हणजे पुन्हा रबराचा वैरी. आणि पंपाच्या तळाशी घोटभर पाणी उरतंच. ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं. मानकाप्रमाणे कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये; ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापलं, त्यात वाफ झाली, की पेडल सरळ खाली जातं. शिवाय गॅरेजातलं प्रेशर ब्लीडर, म्हणजे दाबानं ब्रेकची हवा काढायचं यंत्र, साधारण १५ पीएसआयच्या आत चालवतात. इथं दांडा हाणताना दाब किती झाला हे बघायला काटा कुठंय?

पकडीनं निपलचे, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूचे, कोपरे गोल होतात, मग ते गॅरेजवालाही शिव्या देत काढतो. काढलेलं तेल फडक्यातून गाळून परत ओता, असंही त्या मेसेजमध्ये आहे. त्यावर काय बोलू?

एक मात्र नाइलाजानं मान्य करतो. महागडी मशीन लागत नाही, हे खरं आहे. साध्या, जुन्या गाडीचं हे काम मी पंधरा वर्षं घरीच करतोय. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटात हवा गेली तर काही गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथं गॅरेज गाठा. नळीची कल्पनाही बरी, फक्त सलाईनची बारीक पडते. मोटारसायकलची पारदर्शक पेट्रोल नळी निपलवर घट्ट बसते. निपलच्या मापाचा, बहुधा ८ किंवा १० चा, रिंग पाना घ्या. पाण्याच्या रिकाम्या, कोरड्या बाटलीत थोडं नवं ब्रेक ऑइल ओतून नळीचं टोक त्यात बुडवा. आणि पेडलवर एक माणूस बसवा. आमच्याकडे बायको बसते. मी "दाब" म्हणतो, ती "दाबलं" म्हणते, मी निपल पाव फेरा सैल करतो, बुडबुडे बघतो, परत आवळतो, मगच "सोड" म्हणतो. आवळायच्या आधी तिनं पाय काढला तर हवा परत आत. अधूनमधून टाकी भरत राहायची. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची ते गाडीच्या पुस्तकात बघा.

भाच्याची गाडी टो करून नेली. मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरं, होज, सगळं बदलायला सांगितलंय. चिखलदऱ्याला मंडळी एसटीनं गेली. भाऊजी मात्र गाडीपेक्षा पंपावरून जास्त तापलेत. कपाशीवर फवारणी तोंडावर आली आणि पंप आतून तेलानं माखलेला.