जुनी पिकअप घेणाऱ्यांसाठी टायरविषयक शिष्टाचार

जुनी पिकअप विकत घेण्याचा आपला बेत पक्का झाला असेल, तर इंजिनाचा आवाज अवश्य ऐकावा, आरसी बुकातला चासी क्रमांक गाडीशी ताडून पाहावा, हौद्याचा पत्रा ठोकून पाहावा, काचेवरचे 'आईचा आशीर्वाद'ही भक्तिभावाने वाचावे. परंतु टायरपाशी वाकून विकणाऱ्याचा अपमान करू नये. "टायर ऐंशी टक्के आहेत," असे त्याने एकदा सांगितले की तो विषय मिटला. हे ऐंशी टक्के कोणी मोजले, कशाने मोजले आणि पुरते शंभर होते ते कोणत्या साली, असले प्रश्न सुसंस्कृत माणसे विचारत नाहीत. मी नुकत्याच घेतलेल्या पिकअपचे टायरही ऐंशी टक्केच होते. ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला निघालेली ती गाडी माळशेज घाट सुखरूप उतरली आणि मोरोशीच्या पुढे, सरळ रस्त्यावर, तिचा मागचा उजवा टायर मोठा आवाज करून फाटला, तेव्हा उरलेले वीस टक्के कुठे होते याचा मला उलगडा झाला. हे ज्ञान एकट्याने बाळगणे बरे नव्हे, म्हणून हा उपदेश.

गाडी पाहायला शक्यतो दिवेलागणीला जावे. त्या वेळी टायर फार देखणे दिसतात. उपवर मुलाच्या केसांना कलप लावावा तसे त्यांना सकाळीच काळे पॉलिश लावलेले असते आणि कडेच्या बारीक भेगा त्याखाली शांतपणे झाकलेल्या असतात. हात लावला तर बोटे काळी होतात, म्हणून हात लावू नये.

नक्षी खोल दिसली की समाधान मानावे. ती कारखान्यात उमटलेली आहे की नाक्यावरच्या दुकानात गरम पात्याने कोरलेली आहे, याच्या फार खोलात शिरू नये. टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात आणि त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ते कुठे शोधावेत हे कळावे म्हणून कडेला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोणही छापलेला असतो. गोटा झालेला टायर कोरणारा कारागीर खाच खोल करताना हे उंचवटेही कापून काढतो, त्यामुळे झीज दाखवणारी खूणच उरत नाही आणि घेणाऱ्याच्या डोक्याला तापही उरत नाही. मोठ्या ट्रकच्या काही टायरना अशा कोरण्यासाठी मुळातच जादा रबर दिलेले असते आणि तसे त्यांच्यावर लिहिलेलेही असते. पिकअपच्या टायरना ते सहसा नसते, पण कारागिराला असला भेदभाव मान्य नाही.

स्टेपनी गाडीखाली टांगलेली असते, आणि टांगलेले असणे एवढेच तिचे काम आहे.

जॅक आणि पाना मागणे हा तर निव्वळ हावरटपणा होय.

टायरची जन्मतारीख मात्र मुळीच विचारू नये. कडेवर चार आकड्यांचा एक ठसा असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असे असेल, तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. शाळकरी पोराला वाचता येईल इतके हे सोपे असल्यामुळेच ते दिसू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. बहुतेक टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते आणि नेमकी तीच बाजू आतल्या अंगाला, डिफरन्शियलकडे तोंड करून, बसवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती वाचायची तर गाडीखाली पाठीवर झोपून मोबाइलची बॅटरी लावावी लागते, आणि आपण गुडघा टेकतो न टेकतो तोच एजंट म्हणतो, "साहेब, कपडे खराब होतील." माझ्या कपड्यांची इतकी काळजी आजवर घरातल्याही कोणी केलेली नाही. फुटलेल्या टायरची नक्षी अस्सल होती, चांगली खोल होती, कारण गाडी वर्षानुवर्षे कोणाच्या तरी गोठ्यामागे उन्हात उभी होती. "गाडी फारशी चाललेलीच नाही" हे वाक्य मला तिचा गुण म्हणून ऐकवण्यात आले होते. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. उन्हाने आणि हवेने ते कडक होते, त्याला भेगा पडतात, आतल्या थरांची पकड सुटते, आणि म्हणूनच टायर बनवणारे स्वतःच सांगतात की नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर टायर बदलावा. विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, असे कृपा करून कोणी सांगू नये. एखाद्या टायरची तारीख योगायोगाने आत जाऊ शकते. चारही टायरच्या तारखा आत जाणे हा योगायोग नसतो. त्यासाठी चाके खोलावी लागतात, टायर रिमवरून उतरवून उलटे चढवावे लागतात, आणि दुकानदाराला त्याची मजुरी द्यावी लागते. म्हणजे या गृहस्थाने पदरचे पैसे खर्च केले, ते टायर बदलण्यासाठी नव्हे, तर तारीख लपवण्यासाठी!

टायर कोणत्या गाडीसाठी बनला आहे, हेही पाहू नये. गोल आहे आणि रिमवर बसतो, एवढी पात्रता पुरेशी मानावी. कडेवरच्या मापापुढे भाराचा एक आकडा असतो. ९१ असेल तर एका टायरने ६१५ किलो पेलायचे, १०६ असेल तर ९५० किलो. दीड टन माल भरलेल्या पिकअपच्या मागच्या दोन चाकांवर मिळून दोन टनांच्या आसपास भार येतो. तिथे कोणाच्या तरी कारमधून उतरवलेले ९१ आकड्याचे टायर चढवले, तर काय होईल याची बेरीज ज्याची त्याने करावी आणि मग खुशाल वर आणखी दहा क्रेट चढवावेत.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घातलेली आढळली, तर गंजलेल्या रिममधून हवा सुटू नये म्हणून केलेली ती सोय आहे, असे समजावे. खिळा लागल्यावर हवा सावकाश न जाता एकदम जाते, हा तिचा वेगळा फायदा.

नायट्रोजन अवश्य भरावा, कारण साध्या हवेत तो फक्त ७८ टक्केच असतो.

आणि फिटनेस प्रमाणपत्र पाहून निर्धास्त व्हावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते, आणि पासिंगच्या दिवसापुरते कोणाचे टायर कोणाच्या गाडीला लागतात, हे सर्वांना माहीत असूनही कोणाला दिसत नाही. समृद्धी महामार्गावर टायर फुटून माणसे मेल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपण रस्त्याच्या काँक्रीटला शिव्या देतो, उन्हाला शिव्या देतो. गुळगुळीत, कुजलेले टायर ज्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात मारले, त्यांची नावे कुठल्याही बातमीत येत नाहीत.

आता उपदेश पुरे. टायर फाटला तेव्हा गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून येणारी एसटी थोडी लांब होती, म्हणून मी हे लिहू शकतो आहे. जवळ असती, तर त्या एसटीतल्या माणसांनी काय केले होते? त्यांनी तर "ऐंशी टक्के" हा शब्दही ऐकला नव्हता. पॉलिश लावणाऱ्यांनो, खाचा कोरणाऱ्यांनो, तारखा आत फिरवणाऱ्यांनो, तुम्ही जे करता ती धंद्यातली हुशारी नाही, तो नीचपणा आहे. टायर मेलेले आहेत, असे सरळ सांगा आणि किमतीत तेवढी सूट द्या, नाहीतर नवे टायर घालून तितके पैसे जास्त मागा. घेणारा घासाघीस करेल, पण देईल. आणि घेणाऱ्यांनो, "आपण फसलो, आता पुढच्याला फसवून मोकळे होऊ" असा हिशेब मनात मांडत असाल, तर तो आत्ताच पुसा. गाडीवरून उतरवलेले टायर त्या कोरणाऱ्याच्या दुकानी परत नेऊ नका. करवतीने त्यांच्या कडा कापा आणि मगच भंगारात द्या.