कंपोस्टेबल पिशवीबद्दलची तुमची तक्रार बरोबर आहे

नमस्कार,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला, सोबतचा फोटोही पाहिला. सात महिने घरच्या कंपोस्टच्या डब्यात राहून आमची पार्सलची पिशवी नुसती मातकट झाली आहे आणि तिच्यावरची ‘१०० टक्के कंपोस्टेबल’ ही अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात. पुनर्वापराची बाणांच्या त्रिकोणाची खूण असूनही साबणाचा रिफिल पाऊच भंगारवाल्याने घेतला नाही, बाटली तर प्लॅस्टिकचीच, म्हणजे हे सगळं ढोंग आहे, असं तुम्ही लिहिलंय. ढोंग हा शब्द मला लागला. पण पहिल्या दोन्ही गोष्टींत चूक आमची आहे.

आधी पिशवी. ती पीएलए आणि पीबीएटी या दोन विघटनशील प्लॅस्टिकच्या मिश्रणाची आहे आणि तिला मिळालेलं प्रमाणपत्र औद्योगिक कंपोस्टिंगचं, म्हणजे मोठ्या प्रकल्पात जास्त तापमानात होणाऱ्या कंपोस्टिंगचं आहे. त्यासाठीच्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार १२ आठवड्यांनी पिशवीचा किमान ९० टक्के भाग २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडावा लागतो. ही चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात होते. घरच्या डब्यात एवढी ऊब आठवडेच्या आठवडे टिकत नाही, त्यामुळे तुमच्या डब्यात किंवा तुमच्या निगराणीत काहीही कमी नव्हतं. प्रमाणपत्र मी स्वतः वाचलं होतं. छपाईच्या वेळी ओळ लांब होते म्हणून ‘औद्योगिक’ हा शब्द मीच गाळला. पिशवीवरचं पानाचं चित्रही दिशाभूल करणारं आहे, कारण पीएलए वनस्पतीपासून येतं, पण पीबीएटी साधारणपणे खनिज तेलापासून बनवतात.

ती पिशवी आता कंपोस्टमधून काढून टाका. औद्योगिक कंपोस्टची सोय जवळ नसेल, तर ती सुक्या कचऱ्यात द्या, मात्र साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात घालू नका. पुनर्वापरासाठी वितळवताना असं मिश्रण त्यात गेलं की चांगला मालही बिघडतो.

पाऊच तीन थरांचा आहे: बाहेर छपाईसाठी पीईटी हे प्लॅस्टिक, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत उष्णतेने सील होणारं पॉलिथिन हे दुसरं प्लॅस्टिक. हे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करायचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त होतो. भंगारवाल्याने तो परत केला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्या त्रिकोणातला ७ हा आकडा फक्त ‘इतर प्रकार’ एवढंच सांगतो. हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने प्लॅस्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून आणले. बाणांमुळे लोकांचा गैरसमज होतो म्हणून २०१३ मध्ये मानक बदलून त्या जागी भरीव त्रिकोण ठरवण्यात आला. आम्ही मात्र बाणच छापत राहिलो, तेही हिरव्या रंगात.

बाटलीबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. ती एचडीपीई या प्लॅस्टिकची, एकाच पदार्थाची आणि बिनरंगी आहे. त्रिकोणात २ हा आकडा असलेला हा माल पुनर्वापरासाठी सहज विकला जातो. काचेची बाटली याच मापात कितीतरी पट जड होते, वाहतुकीत फुटू नये म्हणून तिला जास्त पुठ्ठा लागतो, आणि ओल्या हातांनी न्हाणीघरात हाताळायची वस्तू काचेची असावी असं मला वाटत नाही. रिकामी काच परत घेऊन, धुऊन पुन्हा पुन्हा भरता आली असती तर मीही काचच निवडली असती. तशी व्यवस्था आज आमच्याकडे नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगायला हवी. बाटलीपेक्षा तिच्यावरचा पंप जास्त अडचणीचा आहे. त्यात दोन-तीन प्रकारचं प्लॅस्टिक आणि बहुतेक वेळा धातूची स्प्रिंग असते. म्हणून पंप टाकू नका, पुढच्या बाटलीला लावा. यापुढे पंप नको असेल, तर ऑर्डर देताना साधं झाकण निवडता येईल.

त्या पिशव्यांची नवी मागणी मी रद्द केली आहे. हातातल्या पिशव्या संपल्या की पार्सल कागदी पाकिटात येईल, चिकटपट्टीही कागदीच असेल. शिल्लक पिशव्या फेकून दिल्या तर नुकसान दुप्पट होईल, म्हणून त्या संपेपर्यंत वापरणार आहोत. फक्त प्रत्येकीवरचा तो दावा शाईने खोडून खाली ‘घरच्या कंपोस्टमध्ये घालू नये’ असं लिहिणं आजपासून सुरू केलंय. एकाच पदार्थाच्या पाऊचचे नमुने आले आहेत, पण दोन महिन्यांनंतर साबणाचा वास आणि दाटपणा टिकतो का हे पाहिल्याशिवाय मी ते वापरणार नाही. तोवर पाऊचवर बाणांचं चिन्ह छापलं जाणार नाही.

तुमच्या ऑर्डरचे पूर्ण पैसे आज परत पाठवले आहेत. अभिप्राय बदलावा किंवा काढावा अशी माझी मागणी नाही. तो फोटो मात्र आमच्या वस्तूंच्या पानावर, पिशवीच्या माहितीशेजारी लावायची परवानगी द्याल का?