गोरा मास्तर पोसावा कसा

भंवरकुव्याला तिसऱ्या मजल्यावर ‘नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी’चा क्लास चालवून तुम्ही बरंच कमावलंत, आता इंदूर अपुरं पडतंय आणि पुढची शाखा थेट सोल नाहीतर टोकियोत काढायचा विचार आहे, असं कानावर आलं. उत्तम विचार. उशीरच केलात म्हणायचं. इथे मास्तरने पगारवाढ मागितली की तुम्ही त्याला जिना दाखवता, पण जिना उतरला की समोरच दुसरा क्लास. मास्तर तिथे जाऊन तेच टेन्स शिकवायला लागतो आणि जाताना अर्धी बॅच घेऊन जातो. कोरियात ही कटकट नाही. तिथे मास्तरचा व्हिसा तुमच्या शाळेच्या नावावर असतो. करार संपायच्या आत त्याला दुसरीकडे जायचं असेल तर तुमच्याकडून सोडपत्र आणावं लागतं. तुम्ही दिलं नाहीत, तर त्याने सामान बांधून मायदेशी जावं.

आपल्या होळकरांना ही सोय नव्हती हो. पदरी ड्युड्रेनेक नावाचा फ्रेंच सरदार होता, पलटणी कवायतीत तयार करणारा. तो पुढे उठून शिंद्यांच्या चाकरीत गेला. सोडपत्राची पद्धत असती तर माळव्याचा इतिहास थोडा वेगळा झाला असता.

असो. आधी मास्तर निवडायचा कसा ते पाहू. यात तुमचा अनुभव कामाचा नाही, कारण तुम्हाला अजूनही वाटतं की इंग्रजी शिकवणाऱ्याला इंग्रजी शिकवता यावं. कोरियातल्या खासगी क्लासाला हॅग्वन म्हणतात आणि तिथे परदेशी इंग्रजी शिक्षकाला ई-२ नावाचा व्हिसा लागतो. तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. वर पदवी हवी, पण ती कशातली हे कोणी विचारत नाही. भूगर्भशास्त्र चालतं, हॉटेल मॅनेजमेंट चालतं. अर्जाला फोटो जोडायला सांगा. शिकवण्याचा अनुभव किती, हा प्रश्न फोटो पाहून झाल्यावर विचारायचा. बहुतेक वेळा विचारायची गरज पडत नाही.

इथे घरात एक प्रसंग उद्भवेल, त्याची तयारी ठेवा. तुमच्या बहिणीची मुलगी, देवी अहिल्या विद्यापीठाची इंग्रजीतली एम.ए., तुमच्याच क्लासात सकाळ-संध्याकाळ दोन बॅचा सांभाळणारी, रविवारी पोह्यांवर शेव घालता घालता विचारेल, ‘‘मामा, सोलच्या शाखेत मी का नको?’’

प्रश्न अवघड आहे, कारण तुमच्या क्लासची जी काही अब्रू आहे ती तिच्यामुळे आहे. ‘आय हॅव वेन्ट यस्टरडे’ म्हणणाऱ्या पोरांना न रागावता, त्यांच्याच घरच्या गोष्टी त्यांच्याकडून वदवून घेत ती वाक्य सरळ करून देते. गोऱ्या मास्तरला विचारा की इथे ‘हॅव वेन्ट’ का चालत नाही, तो म्हणेल, कानाला बरं वाटत नाही. पण पालक फी भरतात ते त्या कानासाठी. तेव्हा भाचीला प्रेमाने समजावा, की बेटा, तुझं इंग्रजी चांगलं आहे, पासपोर्ट चुकला. ती हुशार आहे, ती म्हणेल की भारत-कोरिया व्यापार करार २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीयाला येता येतं. येतं ना. शिक्षकाचा परवाना असेल तर तिकडच्या शाळेत सहायक म्हणून. हॅग्वनमध्ये नाही. मग वहिनी मधे पडतील, ‘‘अहो, हिला निदान घरबसल्या काहीतरी द्या.’’ द्या की. धडे तिच्याकडून लिहून घ्या, पानामागे पैसे ठरवा, गोरा मास्तर ते वाचून दाखवेल.

आता करारपत्र. मन लावून करायची गोष्ट हीच, बाकी सगळं एजंट करतो. करार दोन भाषांत करा आणि शेवटी बारीक अक्षरात लिहा की मतभेद झाल्यास कोरियन मजकूर ग्राह्य धरला जाईल. इंग्रजी मजकूर सैल ठेवला तरी चालतो. त्यात ‘शाळेच्या गरजेनुसार इतर कामे’ एवढं एक कलम घातलं की त्यात शनिवारचा मेळावा, पालकांना फोन, हॅलोविनला भुताचा पोशाख, बसस्टॉपवर पत्रकं वाटणं, सगळं बसतं. तास मोजताना फक्त वर्गात उभा असलेला वेळ मोजा. धड्याची तयारी, वह्या तपासणं, प्रगतिपुस्तकावर प्रत्येक मुलाबद्दल चार गोड ओळी लिहिणं, हे तो आवडीने करतो असं समजायचं. बॅचा सकाळी दहाला आणि रात्री आठला ठेवा. मधला वेळ त्याचा स्वतःचा. तो स्टाफरूममध्ये बसून राहिला तर ती त्याची हौस.

कोरियाच्या कायद्यात एक त्रासदायक गोष्ट आहे. माणसाने एक वर्ष पूर्ण नोकरी केली की निघताना त्याला सरासरी एका महिन्याचा पगार हिशेबापोटी द्यावा लागतो. तुम्हाला वाटेल, मेलो. नाही मेलात. वर्ष बारा महिन्यांचं असतं आणि अकरावा महिना बाराव्याच्या आधी येतो, हे तिथल्या कितीतरी मालकांनी तुमच्याआधी ताडलेलं आहे. अकराव्या महिन्यात मास्तरचं शिकवणं अचानक खालावतं. पालकांच्या तक्रारी येतात. मास्तर वर्गात पाच मिनिटं उशिरा आल्याचं सीसीटीव्हीत दिसतं. (सीसीटीव्ही पहिल्या दिवसापासून असतोच, अकराव्या महिन्यापर्यंत तो पाहायला तुम्हाला सवड नसते, इतकंच.) जड मनाने निरोपाचं पत्र द्यायचं. नवा मास्तर तोवर विमानात बसलेला असतो.

पेन्शन आणि आरोग्यविमा यांत निम्मा वाटा मालकाला भरावा लागतो. तो टाळायचा असेल तर मास्तरला नोकर म्हणू नका. तो ‘स्वतंत्र व्यावसायिक’. वेळ तुम्ही ठरवता, पुस्तक तुम्ही ठरवता, कपडे कोणते घालायचे तेही तुम्हीच ठरवता. तरी तो स्वतंत्र. नर्मदेचं पाणी जितकं स्वतंत्रपणे इंदूरच्या नळाला येतं तितका.

जपानी लोक याहून नेटके. तिथे पूर्वी आठवड्याचे तास पूर्णवेळ कामगाराच्या तीन चतुर्थांशावर गेले की समाजविम्याचा प्रश्न येई, म्हणजे ढोबळ मानाने तीस तास. म्हणून तिथल्या इंग्रजीच्या खासगी शाळांनी करारात आकडा घातला: साडेएकोणतीस. तीस नाही, एकोणतीस नाही, २९.५. हा अर्धा तास ज्याने शोधला त्या कारकुनाचा पुतळा उभारला पाहिजे. आपल्याकडे इतकं बारीक गणित फक्त सराफ्यात चालतं.

पगाराची चिंता नको. हॅग्वनमध्ये नव्या मास्तरला दरमहा निदान एकवीस-बावीस लाख देतात. वॉन. रुपयांत सव्वा लाखाच्या थोडं वर. पण इंदुरात तुम्ही ‘माझा मास्तर महिना बावीस लाख घेतो’ असं सांगितलंत तर खोटं काहीच होत नाही, आणि भंवरकुव्याच्या मास्तरांची तोंडं वर्षभर बंद राहतात. पगार महिनाअखेरीस मात्र देऊ नका. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला द्या. पगाराच्या रात्रीच गुपचूप विमानतळ गाठणाऱ्या मास्तरांची जात आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातले काही मुलांना अर्ध्या धड्यावर सोडून जातात तेही काही कौतुकाचं नाही. दहा दिवसांचा पगार तुमच्याकडे अडकलेला असला की माणूस विचार करतो. विमानाचं भाडं तुम्ही दिलेलं असेल तर सहा महिन्यांच्या आत गेल्यास ते परत कापून घेण्याचं कलम घाला.

घरही तुम्हीच द्यायचं. एक खोली, तीत पलंग, शेगडी, कपडे धुण्याचं मशीन, आणि मशीनच्या वर दोरी. आधीच्या मास्तरने सोडलेलं अर्धं लोणचं फ्रीजमध्ये असेल, ते काढू नका, ते ‘सुसज्ज घर’ या शब्दांत मोडतं. घराचा मोठा फायदा असा की नोकरी गेली त्याच दिवशी घरही जातं. मग माणूस कामगार खात्यात तक्रार करायला जाण्याआधी रात्री झोपायचं कुठे ते शोधतो. कामगार खात्याला हलकं समजू नका. तिथे गेलेल्या मास्तरांना हिशेबाचे पैसे मिळालेले आहेत. कायदा त्याच्या बाजूचा आहे. फक्त कारभार बहुतेक कोरियनमध्ये चालतो.

आरोग्य तपासणीबद्दल थोडं जपून. कोरियात एकेकाळी परदेशी इंग्रजी शिक्षकाला एचआयव्हीची चाचणी द्यावी लागे. त्याच शाळेत तेच शिकवणाऱ्या कोरियन शिक्षकाला लागत नसे. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने पुन्हा चाचणी द्यायला नकार दिला, तिचा करार पुढे चालू झाला नाही, आणि ती थेट संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीकडे गेली. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ मध्ये कोरियाने ती अट काढून टाकली. एक बाई ‘नाही’ म्हणाली आणि आठ वर्षांनी का होईना, सरकारला नमावं लागलं. अशा बाया नेमताना ओळखता येत नाहीत, हीच पंचाईत. फोटोत दिसत नाही ना.

चीनकडे वळू नका. बाजार मोठा होता, नाही कोण म्हणतं. पण जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शाळकरी मुलांच्या मुख्य विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बडगा उगारला आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या मास्तरांनाही मनाई केली. ज्यांनी वेबकॅमसमोर हातमोज्यांच्या बाहुल्या नाचवून घरभाडं भागवलं होतं, त्यांची बाहुली पेटीत गेली. नोटीस, भरपाई असल्या गोष्टी त्यांना कुठून मिळणार? तेही ‘स्वतंत्र’च होते.

आता धंदा बुडवायचा कसा. हे तुम्ही शेवटी वाचाल म्हणून शेवटी सांगतो, खरं तर पहिल्या दिवशी ठरवायची गोष्ट. यात जपानच्या नोव्हाचा आदर्श ठेवा. देशातली सगळ्यात मोठी इंग्रजी शाळा, स्टेशनास्टेशनाला शाखा, जाहिरातीत चोच असलेला गुलाबी ससा. विद्यार्थ्यांकडून तासांचे पैसे आगाऊ घ्यायचे, जितके जास्त तास तितकी सवलत. आपल्याकडच्या ‘दोन वर्षांची फी आज भरा’सारखंच. तास सोडले तर हिशेब भलत्याच दराने आणि परतावा तुटपुंजा. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली, जूनमध्ये सरकारने सहा महिने नवे दीर्घ मुदतीचे करार करायला बंदी घातली. आगाऊ पैसा आटला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबरपासून पगार थकले. मास्तरांच्या पगारातून घरभाडं कापलं जात होतं, ते घरमालकांपर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा मास्तर कामावर जात होते आणि दारावर घर खाली करायची नोटीस लागत होती. २६ ऑक्टोबर २००७ ला कंपनी न्यायालयाच्या आश्रयाला गेली. हजारो परदेशी शिक्षक एका दिवसात रिकामे. त्यांच्या संघटनेने मग एक योजना काढली: आम्हाला जेवू घाला, आम्ही तुम्हाला इंग्रजी शिकवतो.

आणि न्यायालयाने नेमलेल्या कारभाऱ्यांनी पत्रकारांना नोव्हाच्या अध्यक्षांची ओसाकातली कचेरी उघडून दाखवली तेव्हा आत निघालं काय? चहापानाची पारंपरिक खोली, झोपायची खोली आणि सॉना. यालाच मी दूरदृष्टी म्हणतो. तुमच्या क्लासात मास्तरांना पाण्याची टाकी भरलेली मिळत नाही, इथपर्यंत तुम्ही आलेलाच आहात, सॉनाचं पाहा. एकच चूक त्या गृहस्थांनी केली. कर्मचाऱ्यांच्या साठवणीच्या निधीला हात लावला, आणि २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना साडेतीन वर्षांची शिक्षा सुनावली. अपिलात ती कमी झाली, पण गेली नाही. तेव्हा विद्यार्थ्यांचे पैसे, घरमालकांचे पैसे, मास्तरांचा पगार इथवर ठीक. निधीचं खातं मात्र वेगळ्या बँकेत ठेवा आणि त्याचा पासवर्ड वहिनींना द्या.

शाळा बुडाली तरी पाटी वाया जात नाही. नोव्हा हे नाव दुसऱ्यांनी घेतलं आणि ते आजही चालतं. तुम्हीही नाव तेवढं नोंदवून ठेवा.