पांढरी पाचच्या जरा वर

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर आधी आपला साउंड कोणता ते ठरवावं, मग बजेट ठरवावं आणि मगच दुकानाची पायरी चढावी, असं जाणकार सांगतात. माझं वय ५४. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे माझ्याकडे साउंड दोनच. एक नववी 'ब'च्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि दुसरा घरातला, जो कुठेच पोचत नाही. यातला गिटारला कोणता चालेल हे मला कोणी सांगेना. बजेट मात्र पक्कं होतं. भिशी लागली होती, २०,००० रुपये, आणि या खेपेला त्यातून वॉशिंग मशीन येणार नाही असं मी जाहीर करून टाकलं होतं.

खूळ जुनंच आहे. आमच्या ग्वाल्हेरचा मेळा १९०५ पासून भरतो. माझ्या लहानपणी तिथे ऑर्केस्ट्रा असायचा. गाणारे पुढे चमचमत्या कोटात, आणि कडेला एक किडमिडीत माणूस गळ्यात लाल गिटार अडकवून उभा. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. पण दोन कडव्यांच्या मधली जागा आली की तो एकटा ती पेटवून द्यायचा. टाळ्या गायकाला पडायच्या. मी त्या कडेच्या माणसाकडे बघत राहायची. घरात तंबोरा, पेटी, तबला, रियाज. तिथे लाल गिटारचं नाव काढायची सोय नव्हती.

नवऱ्याचं म्हणणं, मेळ्यापर्यंत थांब. मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये सूट मिळते, तेव्हा गिटारवरही काहीतरी निघेलच. आमच्या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट याने मेळ्यासाठी अडवून धरलेली आहे. लग्नाला होकारसुद्धा मेळा उठता उठता दिला होता. त्यात सूट कोणाला मिळाली हे मी अजून विचारलेलं नाही.

मुलगा पुण्यात असतो. कॉलेजात त्याचा बँड होता, त्यामुळे तो सल्लागार. व्हिडिओ कॉलवर त्याने पहिला प्रश्न टाकला, "आई, टोन कसा हवाय? क्रंची, वॉर्म, ग्लासी की क्रीमी?" हे गिटारचं वर्णन आहे की बेकरीतल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, मला कळेना. मग त्याने मुळापासून समजावलं. तारेखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. म्हणजे आपला फॅरेडेच. ती वीज अ‍ॅम्पमध्ये जाते आणि तिथे तिचा आवाज होतो. गिटार स्वतः जवळजवळ मुकीच.

"मग निम्मा टोन अ‍ॅम्पचा झाला," मी म्हटलं. "गिटारचं लाकूड महोगनी की बासवूड, याने असा काय फरक पडतो?"

पलीकडे शांतता. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "आई, या मुद्द्यावर लोकांच्या मैत्र्या तुटल्यात."

हे मला लगेच समजलं. हजिऱ्याला तानसेनच्या कबरीजवळ चिंच आहे. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी श्रद्धा आहे, आणि तो आम्ही सगळ्या भावंडांनी चघळलेला आहे. गळा गोड झाला की पाला आंबट होता, यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत.

खरी धास्ती काकांची होती. वय ८१, मुक्काम दौलतगंज. १९१८ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने जे माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, तिथले विद्यार्थी. सुराच्या बाबतीत त्यांना उलट प्रश्न विचारायची पद्धत आमच्या खानदानात नाही. मी घाबरत घाबरत सांगितलं. काकांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "अगं, वीज काय आपल्या घराण्याला नवी आहे? हस्सूखाँसाहेबांची कडकबिजली तान विसरलीस?" ती तान दुसऱ्यांदा घेताना ग्वाल्हेर घराण्याचे गवई हस्सूखाँ गेले, ही कथा ग्वाल्हेरात प्रत्येक गाणाऱ्या घरात सांगतात. तेव्हा विजेला नाही म्हणायचं नाही, फक्त जपून राहायचं, असा निकाल देऊन काका म्हणाले, "मी येतो दुकानात."

मे महिना, बाहेर लू. बाड्याजवळच्या त्या दुकानात खाली पेट्या, ढोलक, मंजिरे, आणि वर छताला टांगलेल्या गिटारी.

"बेटे के लिए?" दुकानदार.

"नहीं।"

"बिटिया के लिए?"

"मेरे लिए।"

त्याने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "मैं तो सिर्फ़ सुनूँगा।"

"तो दीदी, लीड लेंगी या पिकअप वाली?" आमच्याकडे इलेक्ट्रिक गिटारला 'लीड' म्हणतात, आणि साध्या लाकडी गिटारला खालून माइक लावलेला असला की ती 'पिकअप वाली'. लीडला तर तीन-तीन पिकअप असतात हे सांगून मी गोंधळ वाढवला नाही.

पहिली काढली ती काळी, सोनेरी बटणांची, गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारच्या आकाराची. कारखाना अर्थातच कुठला तरी दुसरा. "भारी आवाज़ है दीदी, एकदम भरा हुआ।" आवाज भारी असेल, गिटार निश्चित भारी होती. वजन चार किलोंच्या वर. पट्टा डाव्या खांद्यावर येतो, आणि माझा डावा खांदा गेल्या पावसाळ्यापासून धरलेला. साउंड ठरवण्याचा पहिला मान अशा रीतीने खांद्याने घेतला.

दुसरी स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची. हा आकार १९५४ चा. तो काढणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे ऐकून मला फार धीर आला. या गिटारीला मागच्या बाजूने, बरोबर पोटाशी, लाकूड तासून खोलगट केलेलं असतं. साडी, पदर, निऱ्या, त्यावर पोट आणि त्यावर गिटार अशी माझी रचना. सत्तर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात कोणीतरी तिचा विचार करून ठेवलेला पाहून बरं वाटलं.

पण बोटांचं मत वेगळं पडलं. त्या जड गिटारची तार पावणेपंचवीस इंची आणि हिची साडेपंचवीस. पाऊण इंच फळ्यावर काहीच नाही, करंगळीला मात्र तो चांगला कळतो. आखूड तारेला ताण कमी आणि फ्रेट, म्हणजे तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्याही जरा जवळ-जवळ. बोटं एका पक्षात, खांदा दुसऱ्या. खांदा जिंकला, कारण दुखणं त्याच्याकडे होतं.

आकार ठरला तरी त्या आकाराच्या गिटारी पाच-सहा होत्या, आणि इथे काका कामाला लागले. फ्रेटला ते पडदे म्हणतात. मोकळी तार छेडायची, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. बरोबर वरचा षड्ज आला पाहिजे. "हा चढा. हा उतरलेला. हा शिकलाय कोणाकडे?" दुकानदार घाम पुसत म्हणाला, "दादाजी, सेटिंग से ठीक हो जाएगा।" आणि तो खरं सांगत होता. ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या घोडीवर, प्रत्येक तारेला आपापला स्क्रू असतो. तो फिरवून तारेची लांबी किंचित कमी-जास्त केली की सूर जागेवर येतो. तारांची उंचीही तशीच बदलते. वाकडी झालेली नेक, म्हणजे गिटारची मान, मात्र आतल्या पोलादी सळईने थोडीफारच सरळ होते, पिळवटली असेल तर तिचा नाद सोडावा. काकांना हे पटेना. "सूर स्क्रूने? आमची अर्धी उमर गेली की त्याच्यात."

मला स्वतःला उपयोगी पडली ती एक फुकटची परीक्षा. नेकच्या कडेवरून तळवा हलकेच खालीवर फिरवायचा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, मग त्यांची टोकं कडेने बाहेर डोकावतात. दोन गिटारींनी माझा तळवा ओरबाडला. त्या परत छताला गेल्या.

चौथीच्या वेळी काकांचे डोळेच मिटले. "वा! जवार काय खुललीय." दुकानदाराने घाईघाईने किमतीची चिठ्ठी आत सरकवली. तेवढ्यात फोनमधून मुलगा ओरडला, "आई, तो फ्रेट बझ आहे! घेऊ नकोस!" तंबोऱ्याच्या घोडीवर जी झणकार आणायला कारागीर दिवस घालवतो, ती इथे तार भलत्या फ्रेटला घासल्यामुळे येते आणि तिला दोष म्हणतात. काकांनी फोनकडे पाहून एवढंच विचारलं, "याची मुंज आपणच केली ना?"

मग गिटार वायरने जोडली. अ‍ॅम्प जागरणवाल्यांच्या भाड्याचा, शेजारी ट्यूबलाइट, वर पंखा. मी तारेला हातही लावला नव्हता आणि पेटीतून निघालं 'हम्म्म्'. दुकानदार म्हणाला, "अर्थिंग का है।" काकांनी बोट वर केलं. सगळे गप्प.

"पांढरी पाच," काका म्हणाले. "जरा वर."

घरी येऊन मी हिशेब मांडला. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची. पिकअपचे वेढे तारेची थरथर पकडतात तशी भोवतालच्या विजेचीही पकडतात. पांढरी पाच म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, आणि खर्जातला तो बरोबर ४९ चा. म्हणजे वीज अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांशाने चढी. काकांचा कान आणि माझी वही एका उत्तराला आले. वर त्या गुणगुणीत १०० आणि १५० हेही असतात. १०० म्हणजे वरचा षड्ज, १५० म्हणजे पंचम. काकांच्या भाषेत, गिटारसोबत पंचमाचा तंबोरा फुकट.

मुलाने सांगितलं की ही गुणगुण घालवायलाच गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हमबकरचं पेटंट मागितलं होतं. दोन वेढे उलटसुलट जोडायचे आणि चुंबकही उलटसुलट, म्हणजे तारेचा आवाज दुप्पट होतो आणि विजेची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. दुकानातल्या एका गिटारीत असा उलटा वेढा मधल्या पिकअपला होता. दुकानदाराने स्विच दुसऱ्या खाचेत टाकला, दोन पिकअप एकदम लागले आणि गुणगुण एकदम बंद झाली. काका दचकले. "तंबोरा कोणी थांबवला?"

तीच घेतली. ११,५०० ची. जाणकारांचं 'आधी साउंड ठरवा' हे माझ्या मते साफ उलटं आहे. नवशिक्याला साउंड नसतोच, खांदा असतो, करंगळी असते, आणि बरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांना काय ऐकायचंय ते असतं. आणखी एक, गिटारवर सगळे पैसे उधळून अ‍ॅम्प डबड्यासारखा घेणारे लोक मला कळत नाहीत. दहा वॉटचा, हेडफोन लागणारा अ‍ॅम्प ५,२०० ला. मग बारीकसारीक सुरू झालं. वायर ४५०, खांद्यासाठी रुंद गादीचा पट्टा ६००, ट्यूनर ४००, पिशवी ७००, नऊ नंबरच्या तारांचा जादा सेट ३५०, आणि स्क्रूने सूर लावणाऱ्या मुलाचे ८००. बरोबर वीस हजार. तार छेडायच्या पिकचे वीस रुपये काकांनी दिले आणि तेव्हापासून गिटारमध्ये आपली भागीदारी आहे असं ते सगळ्यांना सांगतात.

घरी त्यांचा पहिला हुकूम असा की विजेचा तंबोरा उतरवता येत नाही, तेव्हा गिटार चढव. सगळे सूर ज्याच्यावरून मोजतात तो ४४० चा आकडा ट्यूनरवर असतो, तो बदलता येतो. ४९ चे ५० व्हावेत त्याच प्रमाणात मी तो ४४९ वर नेला. आता मी आणि वीज एका सुरात आहोत. मुलगा पुण्याहून कळवळतो, "सगळं शार्प आहे गं!" काका म्हणतात, "त्याला विचार, पुण्याची वीज वेगळी आहे का?" नाही. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच षड्ज. नव्वदच्या दशकात मागणी वाढली की ग्रिड ४९ पर्यंतही उतरायची हे मी काकांना सांगितलं. त्यावर ते हळहळले. तेव्हा आपल्याकडे वीज कमी होती, पण बरोबर पांढरी पाचमध्ये होती.

आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा. चौकोनी लाटेत पाचवा अंश, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर, ठसठशीत असतो, आणि पाचवा अंश म्हणजे गंधार. वीज गेली की गिटारीतून तंबोऱ्यातल्यासारखा स्वयंभू गंधार निघतो, हा शोध काकांचाच. हल्ली दौलतगंजातले दिवे गेले की ते दहा मिनिटांत आमच्या दारात हजर. खुर्चीत बसतात, डोळे मिटतात, मी गिटार गळ्यात अडकवून अ‍ॅम्प लावते. पिक तारेकडे नेला की एक डोळा उघडतात. "थांब गं. मध्ये मध्ये करू नकोस."