सुनोलला सरपंच नाही

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहराच्या नाइल्स भागातून ८४ नंबरच्या रस्त्याने डोंगराच्या घळीत शिरायचं आणि अलामेडा क्रीकच्या काठाकाठाने पुढे जायचं. पंधराएक मिनिटांत घळ संपते, दरी उघडते आणि सुनोल येतं. एक मुख्य रस्ता, पोस्ट, एक शाळा, जुन्या आगगाडीचं स्थानक, आजूबाजूला उन्हाळ्यात पिवळ्या पडणाऱ्या टेकड्या. २०१० च्या जनगणनेत इथे ९१३ माणसं होती आणि २०२० मध्ये ९२२. एका बाजूला फ्रीमाँट, दोन लाख तीस हजार वस्तीचं. दुसऱ्या बाजूला प्लेझंटन. सकाळ-संध्याकाळ नोकरदारांची लोकल या दरीतून जाते, पण सुनोलला थांबत नाही.

मी फ्रीमाँटला राहतो. रविवारी पाय मोकळे करायला सुनोलला जातो, कारण ते मला गावासारखं वाटतं. पण सरकारी कागदावर ते गावच नाही. अशा वस्तीला इथे अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात. म्हणजे तिला नगरपालिका नाही आणि आपल्या ग्रामपंचायतीसारखंही काही नाही. तिची हद्दसुद्धा जनगणनेच्या लोकांनी मोजणीच्या सोयीसाठी आखलेली आहे. पोलीस काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शेरीफचे, अग्निशमन काउंटीचं, बांधकामाची परवानगी काउंटीची. आणि अलामेडा काउंटी म्हणजे जवळजवळ सतरा लाख माणसं, त्यांच्यावर निवडून आलेले पाच सुपरवायझर. एकेकाच्या वाट्याला सव्वातीन लाखांहून जास्त लोक येतात. त्यात सुनोलची नऊशे माणसं किती मोजली जात असतील, हे सांगायला नको. गावाची एक सल्लागार समिती आहे, पण तिच्या हाती सल्ला देण्यापलीकडे काही नाही.

१९८१ मध्ये सुनोलने बॉस्को नावाच्या कुत्र्याला मानद महापौर म्हणून निवडलं. १९९४ मध्ये तो मरेपर्यंत ते पद त्याच्याकडेच होतं आणि आज पोस्टासमोर त्याचा पुतळा आहे. ही गोष्ट लोक हसत सांगतात. मला मात्र ती ऐकताना दर वेळी एकच गोष्ट जाणवते: ते पद कुत्र्याला देता आलं, कारण खरं पदच अस्तित्वात नव्हतं.

हे सगळं लिहायला बसलो ते दादाशी फोनवर झालेल्या बोलण्यामुळे. आमचं गाव मांजरी बुद्रुक. ३० जून २०२१ ला पुण्याभोवतीची तेवीस गावं महापालिकेत घेतली, त्यात मांजरी होती. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावं गेलीच होती. तेव्हापासून घरी एकच वाद: गाव महापालिकेत जायला हवं होतं की नको? दादा म्हणतो, "कर शहराचा आणि पाणी टँकरचं, यापेक्षा आपली ग्रामपंचायत काय वाईट होती?" पुतण्याचं उत्तर ठरलेलं, की ग्रामपंचायतीच्या काळात ड्रेनेज तरी कुठे होतं? फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी आवाज उठवला, आणि ती दोन गावं महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. त्याचाही दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो.

मी दोघांचं ऐकतो आणि मला फ्रीमाँट आठवतं. हे शहर १९५६ मध्ये पाच गावं एकत्र येऊन झालं: सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज. शेजारचं न्यूअर्क त्यात आलं नाही, त्याने आदल्याच वर्षी स्वतःची नगरपालिका केली होती. सुनोल दोन्हीत नव्हतं. आज नाइल्सला रस्ते, दिवे, ग्रंथालय आहे आणि शहराच्या कौन्सिलात उभं राहून बोलायची जागा आहे. सुनोलकडे मोकळ्या टेकड्या आहेत. दादाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बघ, शहरात न गेल्यानेच जमीन वाचली.

पण ते तसं नाही. नोव्हेंबर २००० मध्ये सगळ्या काउंटीने मतदान करून शहरवाढीची रेषा ठरवली आणि त्यापलीकडची शेतं, कुरणं राखली. ती रेषा हलवायची तर पुन्हा काउंटीच्या मतदारांपुढे जावं लागतं. सुनोलच्या टेकड्या आज मोकळ्या आहेत त्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे, आणि तो लाखो लोकांच्या मताने झाला. मला तो निर्णय आवडतो. उद्या त्याच लोकांनी उलट ठरवलं तर नऊशे जण काय करणार, हा प्रश्न तरीही राहतोच.

पाण्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. दरीत खांबांचं एक गोल, सुंदर देऊळ आहे, वॉटर टेंपल. १९१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पाणी पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीने ते बांधलं, कारण इथलं पाणी तिथे जात होतं. १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली, म्हणून या दरीतल्या हजारो एकरांचं मालक आजही खाडीपलीकडचं एक शहर आहे. त्या शहराच्या निवडणुकीत सुनोलला मत नाही. देवळाजवळच्या जमिनीतून खडी काढायचा बेत पुढे आला तेव्हा गावाला चळवळ करून लढावं लागलं. मी त्या खांबांखाली उभा राहतो तेव्हा मला शहापूर तालुका दिसतो. तानसा, वैतरणा, भातसा मुंबईला पाणी देतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. शहापूरला ग्रामपंचायती आहेत, सरपंच आहेत. तरी मुंबईपुढे त्यांचं काय चालतं?

मग गावाची ताकद असते कुठे? सुनोलमध्ये ती मला एकाच ठिकाणी दिसली, शाळेत. सुनोल ग्लेन ही एकच शाळा म्हणजे एक अख्खा शालेय जिल्हा, शाळेपुरता स्वतंत्र कारभार आहे. त्याचं तीन जणांचं मंडळ गाव निवडून देतं. स्वतःच्या मताने निवडलेलं, खऱ्या अधिकाराचं गावापाशी तेवढंच. २०२३ मध्ये मंडळाने दोन विरुद्ध एक मताने ठरवलं, की शाळेवर देशाचा आणि राज्याचा सोडून दुसरा झेंडा लागणार नाही. समलिंगी समाजाचा झेंडा शाळेवर लागला होता, त्यावरून हे पेटलं. गाव दुभंगलं, सभा रात्रीपर्यंत चालल्या. जुलै २०२४ मध्ये खास मतदान होऊन ठरावाच्या बाजूच्या त्या दोन सदस्यांना गावाने पदावरून दूर केलं. झेंड्याबद्दल वाचकांचं मत काहीही असो. ज्याने निर्णय घेतला तो गावातला होता, आणि गावाला त्याला घरी पाठवता आलं. आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर तो ग्रामसभेपुढे न्यावा लागतो, त्याची मला आठवण झाली.

आता मांजरीकडे बघा. जून २०२१ मध्ये ग्रामपंचायत गेली. पण नगरसेवक आला नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली आणि प्रशासक बसला. कर महापालिकेला जायचा, आणि गावांच्या विकास आराखड्याचं काम मात्र पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होतं. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं माझ्या गावाला ना सरपंच होता ना नगरसेवक. सुनोलपाशी निदान शाळेचं मंडळ होतं, मांजरीपाशी तेवढंही नव्हतं. दादा आणि पुतण्या टँकर आणि ड्रेनेजवर भांडत राहिले, पण ही साडेचार वर्षं त्यांच्यापैकी कोणीच मोजली नाहीत. मला त्याचाच राग येतो.

म्हणून दादाला मी म्हटलं, हद्दीचा वाद राहू दे. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबरला आपल्या गावची ग्रामसभा भरायची. आमचे आबा तिथे उभे राहून ग्रामसेवकाला हिशोब विचारायचे. ती बंद झाली, तिच्या जागी काय आलं ते विचार. महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदारांनी वॉर्डात जमायचं आणि नगरसेवकाला समोरासमोर विचारायचं. आता निवडून आलेल्याकडे तुम्ही सगळे मिळून जा आणि पहिली क्षेत्रसभा कधी घेणार, याची तारीख मागा.

दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भरवायची कुठे? चावडीला तर आता कुलूप आहे."

"मारुतीच्या देवळासमोर," मी म्हटलं. "आबांच्या वेळी भरायची तिथेच."